पाव तीन

कोब्लेंझ, ३ ऑगस्ट

युडिट,

फोन लागत नाही, म्हणजे तू आता माझाही नंबर अडवलेला दिसतो. म्हणून हा कागद. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडता टाकणार नाहीस, एवढ्याच भरवशावर लिहिते आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आईला एल्ब नदीवर यायचं आहे. ‘तिकडचे ते खडक बघायचे राहिलेत,’ एवढंच म्हणाली. तुझं नाव घेतलं नाही. पण नकाशावर तिचं बोट ड्रेस्डेनपाशी थांबलं नाही. ते नदीच्या कडेकडेनं सरकत तुमच्या गावापर्यंत आलं, आणि मग तिनं चष्मा काढून पुसायला घेतला.

सध्या आमच्या स्वयंपाकघरात तिकिटांवरून लढाई चालू आहे. आईचं म्हणणं, आपल्याकडे महिन्याचा पास आहे, तर वर पैसे कशाला घालायचे?

‘आई, त्या पासावर फक्त गावोगाव थांबणाऱ्या गाड्या चालतात. सहा वेळा उतरायचं, सहा वेळा चढायचं. तुझ्या चाकांच्या वॉकरसकट.’

‘मग काय झालं? देश बघून होईल.’

शेवटी वेगवान गाडीवर तडजोड झाली. आता प्रश्न असा, की स्वस्त तिकीट ठरलेल्या एकाच गाडीला बांधलेलं असतं, आणि मोकळं तिकीट महाग असतं पण कुठल्याही गाडीला चालतं. मला निदान परतीचं मोकळं हवं होतं. आई म्हणाली, ‘दोन्ही बांधलेली घे. ज्यांना कुणीतरी थांबा म्हणणार असतं, त्यांनी मोकळी तिकिटं काढावीत.’

मी अजून काहीच काढलेलं नाही.

बोटीबद्दल मात्र ती ठाम आहे. ड्रेस्डेनहून तुमच्या गावापर्यंत कडेला फिरतं चाक असलेल्या जुन्या स्टीमरनं, प्रवाहाच्या उलट जायचं. बाबांचं वाक्य तुला आठवत असेलच: ‘नदी बघायची तर वर जाताना. खाली येताना फक्त पाणी दिसतं.’ ऱ्हाइनवर जन्म काढलेला माणूस, सुट्टीतही आपल्याला उलट्या बाजूनंच न्यायचा. आपण दोघी कंटाळून किल्ले मोजायचो, आणि तू नेहमी एक जास्त मोजायचीस.

तू धक्क्यावर येशील का? एवढंच विचारायचं आहे. घरी नेऊ नकोस. जेवू घालू नकोस. फक्त ये.

आईची तब्येत ठीक आहे. वयाच्या मानानं.

डोरो


कोब्लेंझ, १२ ऑगस्ट

युडिट,

तुझं कार्ड मिळालं. दोनच प्रश्न. ‘आईनं बोलावलंय की तू? आणि नक्की काय झालंय?’ तू लहानपणीही अशीच होतीस. मी गोष्ट सांगायला लागले की म्हणायचीस, शेवट आधी सांग.

तर शेवट आधी. आईच्या हृदयाची झडप निकामी होत आली आहे. सोळा सप्टेंबरला शस्त्रक्रिया आहे. मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तू कीव करून यावंस असं मला वाटत नव्हतं. आता वाटतं, कीव करून आलीस तरी चालेल. डॉक्टरांनी यशाचे टक्के सांगितले तेव्हा आईनं पर्सची चेन लावली आणि विचारलं, ‘त्याआधी प्रवास चालेल का?’ ते म्हणाले, जपून, बसून, एकदाच. त्या ‘एकदाच’ मध्ये तिनं तुमची नदी निवडली.

आणि दुसरं. बोलावलं मी आहे. आईनं नाही. तिला मी तुला लिहिते आहे हेसुद्धा माहीत नाही.

तुम्ही दोघी त्या दिवसाबद्दल सहा वर्षं बोललेल्या नाहीत. मी तिथे होते, म्हणून मला जे दिसलं ते सांगते. बाबांचं दफन दीडला होतं. तुमची गाडी रस्त्यात अडकली होती. पाद्रीबाबांना तीनला दुसरं दफन होतं, तरी ते अडीचपर्यंत थांबायला तयार होते. तुझ्या नवऱ्याचा, फाल्कचा, फोन आईनं घेतला. तो ठेवला आणि म्हणाली, ‘त्यांच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. सुरू करा.’ तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आणि मग तुम्ही आलात. तुझ्या हातात सूर्यफुलं होती, आणि ती माणसं फावडी गाडीत ठेवत होती.

आई म्हणाली, ‘बापाला पोचवायलाही वेळेवर येता येत नाही?’

तू म्हणालीस, ‘आम्ही सांगितलेल्या वेळेला आलोय.’

ती म्हणाली, ‘तिकडच्या, पूर्वेच्या माणसाशी संसार केला की असंच व्हायचं.’

बस. पुढचं तुला माहीत आहे. तू फुलं माझ्या हातात दिलीस, आईच्या नाही, आणि फाल्कनं गाडी वळवली.

मला त्या दिवशी तुम्हा दोघींचा सारखाच राग आला होता. आई थोडी थांबली असती तर. तू तिच्या त्या वाक्यावर एकदा, फक्त एकदा, गप्प बसली असतीस तर. सहा वर्षं मी हे ‘तर’ मनात घोळवते आहे, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाची तरी चूक निघते.

जाण्याची तिकिटं काल काढली. बांधलेली. पाच सप्टेंबरला ड्रेस्डेनला मुक्काम, सहाला सकाळी स्टीमर. परतीची अजून काढली नाहीत.

डोरो


कोब्लेंझ, २० ऑगस्ट

युडिट,

तुझ्याकडून काही नाही. तरी कळवते, कारण बेत बदलला आहे.

तिकडे पाऊस नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. नदीचं पाणी इतकं उतरलं आहे म्हणे, की स्टीमर पिर्नाच्या वर जातच नाही. मी बोटीच्या कचेरीत फोन केला. फोनवरच्या बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, ‘पाण्याचं आमच्या हातात असतं तर मीच चार बादल्या ओतल्या असत्या.’ त्यांनी असं जुळवून दिलं: पिर्नापर्यंत स्टीमर, तिथून त्याच तिकिटावर कंपनीची बस. बस स्टेशनच्या बाजूनं येते आणि तुमच्या गावासमोरच्या काठावर सोडते. तिथून तुमची फेरीबोट.

आईला म्हटलं, गाडीनं थेट स्टेशनवर उतरू, सोपं पडेल. नाही म्हणाली. ‘जेवढी वर जाते तेवढी जाऊ दे. जिथे थांबेल तिथून पुढचं बघू.’ मग जरा वेळानं, भांडी पुसता पुसता, ‘ती फेरीबोट अजून तोच चालवतो का?’

‘तोच म्हणजे?’

‘तोच. तोंडात पीठ धरून बोलतो तो.’

मी म्हटलं, फाल्कच चालवतो का ते माहीत नाही. ती म्हणाली, ‘मला काय. मी खडक बघायला जाते आहे. खडक उलट बोलत नाहीत.’

बस सहा तारखेला पावणेतीनला काठावर पोचेल. युडिट, पावणेतीन. आई तिथे बाकावर बसेल, मी शेजारी असेन. तू समोरच्या काठावरून नुसती दिसलीस तरी मी समजेन.

परतीचं तिकीट आज आईनं मला काढायला सांगितलं. त्याच संध्याकाळचं, बांधलेलं. ‘मला कुणाच्या दारात रात्र काढायची नाही.’ मी हो म्हटलं, पण काढलं नाही. तिला वाटतं काढलं आहे.

डोरो


कोब्लेंझ, २७ ऑगस्ट

युडिट,

हे पत्र आधीच्या पत्राच्या आधी वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. पावणेतीन नाही. सव्वादोन. बस सव्वादोनला येते. कृपा करून ते आधीचं खोड.

आता नीट सांगते.

बोटीची तिकिटं छापून आली. त्यावर पोचण्याची वेळ सव्वादोन. मला वाटलं छपाईची चूक. पुन्हा फोन केला. त्याच बाई.

‘तुम्ही पावणेतीन म्हणाला होतात.’

‘मी? मी पाव तीन म्हणाले.’

‘तेच ना?’

‘अहो बाई, तेच कसं असेल?’ आणि हसायलाच लागल्या. ‘ऱ्हाइनकडच्या ना तुम्ही? दर उन्हाळ्यात तुमच्यातला कुणीतरी बस चुकवतो. मला सांगा, अडीचला तुम्ही काय म्हणता?’

‘अर्धा तीन.’

‘म्हणजे तिसरा तास अर्धा झाला. मग तोच तास पावच झाला असेल तर?’

मी बोटांवर मोजायला लागले.

‘पाव तीन,’ त्याच म्हणाल्या. ‘मग अर्धा तीन, मग पाऊण तीन, मग तीन. अर्ध्यापुरते तुम्ही आमचे, आणि पाव आलं की परके. आमची काय चूक?’

त्या हसत होत्या. मीही हसले असेन. फोन ठेवला आणि खुर्चीत बसले, आणि मग फाल्कचा आवाज आला. खरंच आला, युडिट. त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकापाशी मी आईच्या इतकी जवळ उभी होते की फोनमधलं मलाही ऐकू जात होतं. ‘पाव तीनला पोचतो,’ तो म्हणाला होता.

आईनं ऐकलं, पावणेतीन. मीही तेच ऐकलं. पाद्रीबाबा अडीचपर्यंतच थांबू शकत होते, म्हणून ती म्हणाली सुरू करा. आणि तुम्ही सव्वादोनला आलात. अगदी सांगितलेल्या वेळेला. तू खरं बोलत होतीस. तिला वाटत होतं तू मुळात उशिरा निघून वर तोंड करते आहेस. तुला वाटत होतं तिनं मुद्दाम तुझ्याविना माती टाकली. त्या भांडणात घड्याळ मात्र कुणी पाहिलं नाही, आकडा कुणीच उच्चारला नाही. कुणी एकदा ‘किती वाजता?’ असं विचारलं असतं, तर तिथेच, त्या मातीच्या ढिगाशेजारी सगळं मिटलं असतं.

तू इतकी वर्षं तिकडे राहिलीस, की तुलाही तो शब्द आता खटकत नसणार. येताना गाडी तू चालवत होतीस. फाल्क फोनवर बोलला, तू ऐकलंस, आणि तुला ते बरोबरच वाटलं. ते बरोबरच होतं.

आईला सांगायचं की नाही, मला कळत नाही. शस्त्रक्रियेला तीन आठवडे आहेत. ती सहा वर्षं तुझ्या रागावर उभी आहे. तो राग काढून घेतला तर ती कशाच्या आधारानं उभी राहील? आणि नाही सांगितलं, तर ती त्या बाकावर बसून तुझ्याकडे बघेल, आणि मनात म्हणेल, ‘आली एकदाची.’ मला ते चालणार नाही. तुलाही चालू नये.

तुझी डोरो


कोब्लेंझ, ३१ ऑगस्ट

युडिट,

सांगितलं.

परवा आम्ही केकसाठी आलुबुखार चिरत होतो. ती बिया काढत होती, मी फोडी मांडत होते. मी म्हटलं, ‘आई, पाव तीन म्हणजे किती?’

‘पावणेतीन. एवढंही कळेनासं झालं का तुला?’

‘एल्बवर नाही. एल्बवर पाव तीन म्हणजे सव्वादोन.’

‘असं कसं असेल?’

मी बोटीच्या बाईंसारखंच समजावलं. आधी अर्धा तीन म्हणजे काय, मग त्यावरून पाव तीन. ती ऐकत होती, सुरी चालू होती. मग सुरी थांबली. मी फाल्कचं नावही घेतलं नव्हतं.

मग ती म्हणाली, ‘तो पाद्री अडीचपर्यंत थांबणार होता.’ प्रश्न नव्हता तो. मी मान हलवली. तिनं पुन्हा सुरी उचलली आणि उरलेले सगळे आलुबुखार, एकूण एक, संपवले. हात धुतले. पुसले. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी दाराबाहेर उभी राहून तिचा श्वास ऐकत होते. गोळी घेतली असेल का, आत जाऊ का, आपण हिचं काय केलं. आतून आवाज आला, ‘डोरो, तिथे उभी राहू नकोस. मी मेले नाही.’

मला रागावली नाही, रडली नाही. काल सकाळी नाश्त्याला एकदम म्हणाली, ‘सूर्यफुलं होती ना तिच्या हातात?’

‘हो.’

‘त्यांचं काय केलंस?’

‘बाबांच्या मातीवर ठेवली. तुम्ही सगळे गेल्यावर.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तू विचारलं नाहीस.’

तिनं पाव कापला, लोणी लावलं, आणि न खाताच ताटलीत ठेवला. म्हणाली, ‘या घरात कुणी काही विचारत नाही.’ मग चर्चच्या घंटेचा एक टोला पडला. सव्वानऊ. आई कान देऊन ऐकत राहिली. ‘बघ,’ म्हणाली. ‘घंटासुद्धा त्याच्यासारखंच मोजते. पावाला एक, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. पंचाहत्तर वर्षं ऐकते आहे मी ही.’

आणि मग, ‘ते परतीचं तिकीट बदलून मिळतं का?’

मी सांगितलं, काढलंच नाही. मला वाटलं आता बोलणी बसतील. ती म्हणाली, ‘बरं झालं. मोकळं काढ.’

मी संगणकासमोर बसले तेव्हा ती मागे उभी होती. काढलं, मोकळं. तिनं पैसे विचारले नाहीत. मी तिला सांगितलं की मी तुला लिहिते आहे. म्हणाली, ‘माहीत आहे. पाकिटं माझ्या खणातून घेतेस.’ आणि हा कागद पुढ्यात ओढला. खालचं तिच्या हातचं आहे.

*युडिट, सहा तारखेला, पाव तीनला. मी थांबेन. पावणेतीनच्या पुढेही थांबेन. फाल्कला सांग, त्याची वेळ बरोबर होती. — आई*


६ सप्टेंबर, तुमच्या समोरच्या काठावरून

युडिट,

हे पोस्टात पडणार नाही. हात रिकामे ठेवले तर मी काहीतरी बोलून बसेन, म्हणून लिहिते आहे.

बस वेळेवर आली. उतरलो तेव्हा तुमच्या चर्चचा एक टोला पडत होता. आई मला म्हणाली, ‘ऐकलंस?’ ती बाकावर बसली आहे. मांडीवर केकचा डबा, आलुबुखाराचा. वॉकरला ब्रेक लावला आहे. हातातलं घड्याळ तिनं काढून पर्समध्ये टाकलं आणि मला बजावलं, ‘किती वाजले ते सांगू नकोस.’

पाणी खरंच फार उतरलं आहे. काठापासचे दगड उघडे पडलेत. नदी इतकी अरुंद झाली आहे की हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल.

पलीकडे, फेरीबोटीच्या उतारापाशी, कठड्याला धरून एक बाई उभी आहे. करडा कोट. आम्ही आलो तेव्हापासून. उन्हामुळे चेहरा दिसत नाही. मी आईला म्हटलं, ‘कुणीतरी प्रवासी असेल.’

‘तीच आहे,’ आई म्हणाली. ‘डाव्या पायावर भार टाकून उभी आहे. बालवाडीच्या फोटोतही अशीच आहे.’

फेरीबोट आली. सॅकवाले प्रवासी उतरले, दुसरे चढले. ती बाई चढली नाही. आईचे हात डब्यावर घट्ट झाले. तिच्या ओठांचा रंग मला आवडला नाही, मी पाण्याची बाटली पुढे केली, तिनं बाजूला सारली.

‘हाक मारू का?’ मी विचारलं.

‘नको. हाकेनं आलेली नको मला.’

बोट दुसऱ्यांदा गेली आणि आली. ती बाई तिथेच. सुकाणूवरच्या माणसानं वळून तिच्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणाला असेल. दोन टोले पडले. आई म्हणाली, ‘फाल्क जाड झालाय.’ मग, ‘त्याला शोभतं.’

मी हसले. ती हसली नाही. तिची नजर पाण्यावरून हलत नाही. तिला मी इतकी भ्यालेली कधी पाहिली नव्हती, बाबांच्या वेळीही नाही. मला आता कळतं आहे की त्या दिवशी फाटकापाशी तिचा जो चेहरा मला रागाचा वाटला होता, तो हाच होता.

तीन टोले. आईनंही ऐकले. पावणेतीन. तिनं डबा माझ्याकडे दिला, कोटाची बटणं लावली, आणि मला वाटलं आता म्हणेल, चल. पण तिनं वॉकर बाकाच्या आणखी जवळ घेतला आणि नीट टेकून बसली. ‘मी पुढेही थांबेन असं लिहिलंय,’ ती म्हणाली.

बोट पलीकडून सुटते आहे. तिला इंजिन नाही, तुला माहीतच आहे, वर कुठेतरी दोर बांधलेला आहे आणि पाणीच तिला ढकलत आणतं. सावकाश. पुढच्या कठड्यापाशी करडा कोट.

आई उभी राहते आहे. वॉकर न धरता. मला तिला धरायला हवं.

बाकीचं तुझ्या हातात देते.